चालू असतानाच मोजायचं

सोम. १७ नोव्हें. जळगाव

दिप्याला मारलं. धरणगावच्या कापूस खरेदी केंद्रावर, खिडकीतून बाहेर ओढून. फोन आला तेव्हा मी डबा उघडत होते. कोण बोलतंय कळेना, मागे नुसता गलका. "अहिरेंची बहीण का? लवकर या, पोरगा रक्तानं न्हालाय." डबा तसाच टेबलावर टाकून पळाले.

सिव्हिलला पोचले तर स्ट्रेचरवर. डोकं फुटलेलं, शर्टाचा रंग ओळखू येईना. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला आणि टॉवेल कुणाला सोडू देईना. "ताई, बोटं आहेत का बघ." मी बघितलं नाही. आहेत म्हटलं.

खिडकीचं लोखंडी शटर हातावर पडलं, असं केसपेपरवर लिहिलंय. पडलं नाही. ओढलं.

झालं काय ते त्याच्याच तोंडून, तुकड्या-तुकड्यानं. पावसामुळे केंद्र बंद होतं, आज उघडलं. सगळ्या गाड्या एकदमच आल्या, ट्रॅक्टर पार हमरस्त्यापर्यंत. दिप्या तिथला ऑपरेटर. त्याने नावं भरली, नंबराच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि यादी पक्की करायचं बटण दाबलं. स्क्रीन थिजली, प्रोग्राम आपोआप बंद. पुन्हा सुरू केला तर नंबर नव्याने पडले. चौथा होता तो गेला मागे, मागचा कुणी आला पुढे. हातातल्या चिठ्ठ्या एक सांगतात, स्क्रीन दुसरंच सांगते. एकजण ओरडला, "नंबर विकले रे याने!" झालं. मग कोणाचं कोण ऐकतंय.

प्रोग्राम आमच्या ऑफिसचा. तिथे दिप्याला बसवलं तेही आमच्याच ऑफिसनं.

आईला धुळ्याला कळवायचंय. कसं सांगू ते...

मंगळ. १८

सकाळी ऑपरेशन. करंगळी काढली. शेजारची दोन वाचतील म्हणतात डॉ. वाचतील म्हणजे राहतील. हलतील का, ते बोलत नाहीत. डोक्याला टाके.

आई धुळ्याच्या देवपूरहून आली, कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून. त्याला घास चावता येत नाही. तिने भाकरी कॉटखाली सरकवली, वॉर्डाबाहेर गेली आणि पायरीवर कपाळ आपटलं. एकदा नाही. मी आणि एका पेशंटची सून, दोघींनी मिळून धरलं तिला. "मना पोऱ्यानी कोनं काय बिघाडं व्हतं वं?" माझ्याकडे उत्तर असल्यासारखी विचारते.

पोलीस येऊन गेले. दोन तक्रारी आहेत. एक दिप्याला मारल्याची, तीत 'अज्ञात जमाव'. दुसरी दिप्यावर, तीत त्याचं नाव, बापाचं नाव, राहणार देवपूर, सगळं अगदी नीट. सुकदेव आबा पाटील म्हणून धरणगावचे एक शेतकरी आहेत, चौथा नंबर त्यांचा होता. त्यांनी जबाब दिलाय की अहिरेने माझा नंबर माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला विकला. सगळी केस त्या एका जबाबावर उभी आहे.

"शटर कोणी ओढलं रे?"

"त्याच आबांनी. मी बघत होतो ना त्यांच्याकडे."

आणि मागून कुणीतरी म्हणालं होतं म्हणे, ह्या लोकांना खुर्ची दिली की हे असंच. हे सांगताना दिप्या हसला. हसला तसे टाके ओढले गेले आणि कळवळला.

मला कुणाचं तरी डोकं भिंतीवर आपटायचंय. कुणाचंही चालेल.

बुध. १९

ऑफिस. नितीनसर, आमचे मालक. यापुढे इथे नुसतं नि. लिहिणार. 'सर' त्याच्या तोंडावर म्हणते तेवढं बास झालं.

नि.ने पोलिसांना लिहून दिलंय की प्रोग्राम निर्दोष आहे, ऑपरेटरने मध्येच बंद करून परत चालवला. अरे मुडद्या! ज्या पोराला तू पाठीवर थाप मारून तिथे बसवलंस, त्याच्या टाक्यांचं रक्त सुकलं नाही आणि तू सही करून मोकळा.

"वैशाली, शांत हो. नोंदी बघ. प्रोग्राम कुठलीही चूक न दाखवता थांबलाय. म्हणजे कुणीतरी बंद केला."

"किंवा मशीननं मारला."

मेमरी संपली की मशीन तेच करतं. जो सगळ्यात जास्त खातोय त्याचा गळा दाबतं. मरणाऱ्याला दोन शब्द लिहायचीही सवड देत नाही. हे नि.ला मी सांगायला नको, त्यानेच मला शिकवलंय.

"मग मोजून दाखव."

"दाखवते."

यादी पक्की करताना एकच जड फंक्शन चालतं, दुबार तपास. एकाच माणसाने थोडं वेगळं नाव सांगून दोन नंबर घेतलेत का, ते बघायचं. ते नि.ने स्वतः लिहिलंय, पुण्याला नोकरी करायचा तेव्हा. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही. आमच्या ऑफिसातली कुलदेवता ती, लांबूनच पाया पडायचं.

मोजलं. फंक्शन सुरू व्हायच्या आधी मेमरी किती, संपल्यावर किती. फरक काहीच नाही. परत. काहीच नाही. नि. माझ्या मागे उभा राहून बशीतून चहा ओढत होता. "बघ. साफ आहे."

मी माउस भिंतीवर फेकला. त्याचं चाक कुठे तरी उडालं. सगळे माना वळवून बघायला लागले. नि. म्हणाला, दोन दिवस घरी थांब. नाही थांबणार. बघू कोण काढतं ते.

गुरु. २०

आधी आणि नंतर मोजून काय उपयोग गं बये! एवढी शिकलीस ती काय गोवऱ्या थापायला?

आमच्या देवपूरच्या गल्लीत एकदा पांझरेचं पाणी शिरलं होतं. आदल्या सकाळी गल्ली कोरडी, दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलेलं. आधी-नंतर मोजलं असतं तर पूर आलाच नाही म्हणावं लागलं असतं. भिंतीवर कपाटाच्या उंचीपर्यंत ओल होती म्हणून लोकांना पटलं.

फंक्शन काम करताना मेमरी घेतं, संपलं की सगळी परत टाकतं आणि हात झटकून उभं राहतं, मी नाही त्यातली. चालू असताना ते कुठवर चढलं, ते पाहिजे.

एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो बाजूला बसून दर सेकंदाला डोकावतो, याने आत्ता किती मेमरी घेतलीय. पण फंक्शन सेकंदाच्या आत संपतं. हा डोकावेपर्यंत खेळ खलास. मग त्याला फार घाईघाईने डोकावायला लावलं. आता चढ दिसला. चिमुकला. एवढ्याने मशीन मरत नाही. डोंगर पोखरला आणि...

हॉस्पिटलमध्ये दुसराच तमाशा. जमावातले दोघे वॉर्डात आले होते, दिप्याला सांगायला की तक्रार मागे घे, नाहीतर दुसरा हात आहेच. आईने स्टूल उचललं. एकाच्या नडगीवर असं बसलं की तो तिथेच खाली. दुसरा पळाला. वॉचमनने आईलाच बाहेर काढलं. मी गेले तेव्हा ती फाटकाशी, पदर कमरेला खोचून, स्टूल अजून हातात. रस्त्याकडे बघून पळालेल्याला ओरडतेय, "ये ना! ये आते! कथा पळस?" साठी उलटलेली बाई.

तिला घरी न्यायला पाहिजे होतं. मी तिला उसाचा रस पाजला. फार बरं वाटलं मला, खोटं कशाला लिहू.

शुक्र. २१

सापडलं. सापडलं! आणि कुठे, तर ड्रेसिंगच्या रांगेत.

दिप्याला घेऊन बाकड्यावर बसले होते. सिस्टर दारातून ओरडली, "पाटील!" आणि अर्धं बाकडं उठून उभं राहिलं. सगळे दाराकडे. "मी पाटील." "मग मी कोण, गव्हर्नर?" "माझा नंबर आधी आहे." "तुझ्या बापाचा दवाखाना आहे का?" एकाने दुसऱ्याला मागे खेचलं ते नेमकं प्लास्टरच्या हाताला धरून. तो कळवळला आणि चांगल्या हाताने फाडकन ठेवून दिली. सलाइनचा स्टँड आडवा. एक म्हातारी खाली. सिस्टर किंचाळतेय, "अहो पूर्ण नाव सांगते ना, थांबा की मेल्यांनो!" कॉलर धरलेले दोघं शेवटपर्यंत कॉलर सोडेनात, दोघांना तसंच आत घेतलं.

थोड्या वेळाने "अहिरे!" दिप्या एकटा उठला आणि आत गेला. कुणी विचारलंही नाही.

मी तिथेच फरशीवर बसकण मारली.

दुबार तपास आडनावावरून गट पाडतो. मग गटातल्या प्रत्येकाला प्रत्येकाशी ताडून बघतो. आणि अशा एकेका जोडीसाठी दोघांच्या अख्ख्या नोंदीची नवी प्रत काढतो, सातबाऱ्याच्या फोटोसकट. आता नि.ची चाचणीची यादी कुठून आली? पुण्याच्या त्याच्या भल्यामोठ्या सोसायटीतल्या दारांवरच्या पाट्यांवरून. मोठ्या कौतुकाने सांगायचा. कुलकर्णी, शेख, नायर, गायकवाड, अग्रवाल. प्रत्येक दाराला वेगळं आडनाव. गट एकेकाचे नाहीतर दोघादोघांचे, ताडून बघायला जोड्याच नाहीत. तिथे हे फंक्शन गरीब गाय आहे.

धरणगावला आण म्हणावं तुझी गाय. तालुक्यात दगड भिरकावला तर पाटलाला लागतो.

दिप्या बाहेर आला. "ताई, चक्कर आली का?" मी हसत होते, थांबवता येईना. तो घाबरला. पाणी आणायला गेला आणि डाव्या हाताने ग्लास सांडवत आणला. मग माझं हसू बंद झालं.

शनि. २२

नि.ची तीच यादी घेतली, सगळ्यांना पाटील केलं. दुसरं काही बदललं नाही. चालवलं. मशीनचा पंखा किंचाळायला लागला, स्क्रीन थिजली, आणि प्रोग्राम गायब. काही चूक नाही, काही नोंद नाही. दिप्याच्या खिडकीत झालं तेच, अगदी तेच. मी टेबलावर इतक्या जोरात मूठ मारली की शेजारच्या मुलीचा चहा सांडला.

पण "मेला" एवढ्यावर भागत नाही. नि. म्हणणार, तुझंच मशीन जुनं. आकडा पाहिजे.

मशीन प्रत्येक प्रोग्रामची सगळ्यात वर चढलेली मेमरी स्वतः लक्षात ठेवतं. क्षणभरच का चढेना, खूण राहते. मला हीच पाहिजे होती. पण ती अख्ख्या प्रोग्रामची खूण. यादी वाचताना फोटो उघडतात त्यातच ती वर जाऊन बसलेली, त्यात फंक्शनचा वाटा किती ते कळेना. अख्खी दुपार त्यात गेली. स्वतःला, मशीनला, नि.ला, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. शेवटी फंक्शन एकट्याला वेगळं काढलं, नावं आधीच भरून घेतली, खूण शून्यावर आणली आणि मग सोडलं त्याला.

पाटील थोडेच घेतले, मशीन मरणार नाही इतपत. मग दुप्पट घेतले. मेमरी दुप्पट नाही, चौपट. परत दुप्पट, परत चौपट. आलेख काढला तर भिंतीला शिडी लावावी तसा. त्या सोमवारच्या सगळ्या गाड्या घातल्या तर केंद्रावरचं ते बापडं मशीन काय, नि.चा नवा लॅपटॉपही आडवा झाला असता.

छापून घेतलं. दिप्याला फोन लावला. "तू काही केलं नव्हतंस. सिद्ध झालं बघ."

 "बोट परत येईल का त्याने?" फोन ठेवला.

रवि. २३

नि.ला ऑफिसात बोलावून घेतलं. सुट्टी, कोणी नाही. आलेख पुढ्यात ठेवला.

माणूस हुशार, दोन क्षणांत कळलं. चेहरा उतरला. मला वाटलं आता म्हणेल, चुकलं माझं.

"हे कुणाकुणाला दाखवलंस?"

मग आवाजात साखर. हाच प्रोग्राम अजून कितीतरी केंद्रांवर चालतोय. कबूल केलं तर सगळीकडची कामं जातील. ऑफिसातल्या सगळ्यांच्या चुली आहेत, तुझीही आहे. केंद्र परत उघडायच्या आत मी गुपचूप दुरुस्त करतो. दिपकचं नंतर बघू, वकील आपण देऊ.

"नंतर म्हणजे? करंगळी गेली त्याची. आणि नाव कोणाचं गेलं? आमचं. नंबर विकणारे अहिरे!"

"वैशाली, हे असं होईल हे कुणाला..." आणि थांबला.

"कुणाला काय?"

"पुण्याला एकदा झालं होतं. एका मोठ्या गटाला. तिथे मशीन मोठं घेतलं, प्रश्न मिटला. म्हणून मी मग..."

माहीत होतं. माहीत होतं ह्याला! आणि सही करून दिली. त्या दिवशी मागे उभा राहून चहा पीत होता तेव्हाही माहीत होतं!

टेबलावर पाण्याचा स्टीलचा जग होता. फेकला. त्याला लागला नाही, केबिनच्या काचेला लागला. अख्खी काच खळ्ळकन खाली. मी त्या काचेवरूनच त्याच्याकडे गेले, कॉलर धरली आणि दोन मुस्काटात दिल्या. चष्मा उडाला. तिसरी द्यायला हात उचलला तर त्याने पिरगळला आणि मला त्या फुटक्या चौकटीवर ढकलून दिलं. माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. त्याचा पांढरा शर्ट माझ्या रक्तानं लाल.

दोघं धापा टाकत उभे. तो जमिनीवर चष्मा शोधत म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

"येते कशाला, थुंकते तुझ्या दारावर." आणि थुंकले.

टाके त्याच सिस्टरने घातले. म्हणाली, तुमच्या घरात चाललंय तरी काय हो?

मंगळ. २५, देवपूर

दिप्याला घरी आणलं.

काल पोलिसांत आलेख दाखवला. जे हवालदार होते त्यांनी उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. वाईट माणूस नाही. म्हणाले, "ताई, हे मला नका दाखवू. आबांचा जबाब आहे तोवर केस आहे. त्यांनी येऊन सांगितलं की माझा गैरसमज झाला, तर बघू." म्हणजे सगळं त्या म्हाताऱ्याच्या जिभेवर.

दुपारी दिप्याने मोटरसायकल बाहेर काढली. मी म्हटलं काढू दे, बरं वाटेल. बसला, पण एक्सलेटर पिळता येईना. डाव्या हाताने पिळायला गेला, गाडी कलंडली. मग लाथा. आरसा, हेडलाइट, टाकी. गल्ली जमली. मी धरायला गेले तर डाव्या हाताने माझ्या कानाखाली अशी वाजवली की अजून घुमतंय. लहानपणापासून माझ्यावर हात उचलला नव्हता पोराने.

"तुना आकडा घाल चुलीत! आबाले काय सांगू जाईसन, मशीन दमी गयं व्हतं? मी त्याचा हात आणणार आहे. मनगटापासून."

आईने झाडू घेतला आणि त्याला पायांवर झोडपला, शाळेत असताना झोडपायची तसा. "मारा! बठ्ठा मारा एकमेकले! घरमाच मरा!" तो मार खात उभा राहिला. मग तिघंही ओट्यावर बसलो.  आत वरण करपलं, त्याचा वास सुटला, तरी कुणी उठलं नाही.

तो जाणार. पट्टी जरा सैल झाली की जाणार, मी ओळखते त्याला. जाऊन त्या म्हाताऱ्याचा जीव घेईल नाहीतर स्वतःचा देईल. त्याच्या आधी मला जायला पाहिजे.

बुध. २६, धरणगाव

आईला सांगितलं जळगावला काम आहे.

सुकदेव आबांचं घर गावाच्या टोकाला. दारात कापसाची ट्रॉली अजून भरलेलीच, ताडपत्री बांधलेली. मला वाटलं होतं कोणी धिप्पाड राक्षस असेल. हडकुळा म्हातारा, खाटेवर गुडघे धरून. नाव सांगितलं तसा उभाच राहिला. त्याचा मुलगा पुढे झाला. "आठे काय काम शे तुनं?" आणि हाताला धरलं, नेमकं टाक्यांवर. मी किंचाळले.

"सोड तिले!" आबा ओरडले. "बाईमानूस शे." आतून अक्का, त्यांची बायको, पाणी घेऊन आल्या. मी प्याले. ज्याने दिप्याचा हात चिरडला त्याच्या घरचं पाणी प्याले.

शेजारपाजारचे ओट्यावर जमा झाले. मी लॅपटॉप उघडला, आलेख दाखवला, समजवायला लागले. तोंडं कोरी. एकाला जांभई आली. मग माझं डोकं फिरलं. फाडकन लॅपटॉप मिटला.

"इथे पाटील किती?"

"आठे बठ्ठा पाटीलच शेतस."

"मग उठा. प्रत्येकानं प्रत्येकाचा हात धरायचा आणि विचारायचं, तू मीच आहेस का? सगळ्यांनी सगळ्यांना, एकदमच. धरलेला हात सोडायचा नाही. ओट्याखाली उतरायचं नाही."

हसले. पण उठले, गंमत म्हणून. "तू मी शे का रे?" "मनं थोबाड असं शे का?" खोखो हसणं. मग हात पुरेनात. कुणी कुणाच्या काखेखालून, कुणी पायावर पाय देऊन, मागून रेटा, ओटा अरुंद. कुणाचं कोपर आबांच्या मुलाच्या नाकावर बसलं. रक्त. "ढकलस कोनले?" आणि त्याने चुलतभावाला अशी हाणली की दोघंही ओट्यावरून खाली, मातीत, गुद्दे आणि चावे. बाकीचे सोडवायला नाही, मारायला उतरले. हसत-हसत सुरू झालं होतं.

"बस्स!" आबांचा आवाज फाटला. थांबले.

मी म्हटलं, "मशीनमध्ये हेच झालं. तुमच्या गाड्या इतक्या, आणि सगळे पाटील. सगळे सगळ्यांना विचारायला लागले. जागा पुरली नाही. मशीननं सगळ्यांना बाहेर फेकलं. दिपकनं फक्त बटण दाबलं होतं. त्याने कुणाचा नंबर विकला नाही, आबा."

आबा खाटेवर बसले. हाताचे तळवे उलटे करून बघत राहिले.

"शटर मीच वढं. एकदाव नही. दोनदाव."

"माहीत आहे."

"आबा, आबा वरडत व्हता पोरगा. मनं नाव लेत व्हता. तरी वढं."

मला वाटायचं, हे ऐकलं की मी त्याच्या नरड्याला जाईन. नाही गेले. रडू आलं ते मात्र आवरेना. अक्कांनी मला पोटाशी धरलं, आणि मी धरू दिलं.

आबा म्हणाले, जबाब बदलसू. आजच. पोराची चूक नव्हती हे सांगतो, आणि मारलं मीच हेही सांगतो, काय व्हयी ते व्हवो. दिप्या सुटला! माझ्या डोक्यात दुसरं काही उरलंच नाही.

मग त्यांनी विचारलं, अगदी हळू.

"हाई मशीनमा कोनी लिखं?"

"आमच्या मालकानं."

"त्याले ठावं व्हतं, असं व्हयी म्हनीसन?"

"होतं."

"नाव काय त्यानं?"

सांगितलं. नुसतं नाव नाही. जळगावला कुठे बसतो, कितवा मजला, जिना कुठून आहे, विचारलं नव्हतं तेही सांगितलं. बाही वर करून टाके दाखवले. बोलत सुटले. किती बरं वाटत होतं बोलताना.

आबांनी चपला घातल्या. मुलाने बाहीने नाक पुसलं, ट्रॅक्टरच्या सीटखालून चाकं खोलायची लोखंडी टॉमी काढली. चुलतभाऊही उठला, आत्ता ज्याच्याशी मारामारी केली त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसला. तीन गाड्या सुरू झाल्या.

"आबा, पोलीस ठाणं इकडे आहे."

"जबाब संध्याकायले. पह्यले त्याले इचारी येतस. तू बस अक्काजोडे. च्या पी."

बुध. २६, तिथेच, नंतर

गेले. अजून कानात मोटरसायकली आहेत. चहा समोर आहे.

फोन लावला तर नि. कुलूप लावून पळेल. आबांना कळणारच कुणी सांगितलं. मग कसला जबाब. केस राहील, आणि दिप्या इकडे येईल, आणि मग...

नाही लावला तर.

त्याच लायकीचा आहे तो. माहीत असून गप्प बसला, माझ्या भावाच्या नावावर ढकललं. बसू देत चार. मोडू दे काय मोडतंय ते. दिप्या सुटतोय ना.

टॉमी होती हातात.

नि.ची मुलगी शाळा सुटली की रिक्षाने थेट ऑफिसात येते. तिसरीत आहे. मोकळी खुर्ची दिसली की तिथे बसून चित्रं काढते. आता माझीच मोकळी आहे, दाराशेजारची. शाळा सुटायची वेळ झालीच असेल. हे मला मघाशी जिना सांगताना का नाही आठवलं?

अक्का दारातून म्हणतात, "च्या थंडा व्हई ऱ्हायना, माय."

नि.चा नंबर काढून बसलेय.